दगडी कास आणि गोड गोळ्या

उरुळी कांचन हे गाव हवेली तालुक्यात, दौंडच्या वेशीला लागून आहे. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी इथे आले, काही दिवस राहून त्यांनी गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. माती, पाणी, ऊन आणि पथ्य यांवर भर द्यायचा, औषधाच्या मागे लागायचे नाही, ही आश्रमाची रीत. हा आश्रम ज्यांनी सांभाळला त्या मणिभाई देसाईंनीच १९६७ मध्ये याच गावात भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे बायफ, ही संस्था सुरू केली. गोठवलेल्या रेतमात्रा वापरून गावठी गायींपासून होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरित कालवडी तयार करण्याचे तिचे काम पुढे देशभर पसरले.

आज दौंड आणि शिरूर तालुक्यांतला दूध उत्पादक या दोन्ही वारशांच्या मध्ये उभा आहे. दौंडकडे मुठा उजव्या कालव्याचे पाणी, शिरूरकडे चासकमान आणि घोडचे. पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आले आणि दारात एचएफ, म्हणजे होल्स्टिन, गाय आली. ती दूध भरपूर देते. पण तिचे मूळ थंड प्रदेशातले. एप्रिल-मेच्या उन्हात ती धापा टाकते, चारा सोडते, आणि तिच्या मोठ्या कासेला थोडी हयगय झाली तरी कासदाह होतो. गोठ्यात त्याला ‘दगडी’ म्हणतात: सड तापतो, कास कडक लागते, धारेत गाठी येतात. मग डॉक्टरांना फोन, सडात प्रतिजैविकाची ट्यूब, दोन-चार इंजेक्शने आणि काही दिवसांचे दूध फेकून देणे.

निदान फेकायला तरी हवे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आकडा लहान वाटतो, पण संकलन केंद्रावर एका गायीचे दूध अनेकांच्या दुधात मिसळते. शिवाय अशा अंशांमुळे दही नीट लागत नाही, ॲलर्जी असणाऱ्याला त्रास होतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढीला लागतात. त्यामुळे गोठा सेंद्रिय करायचे ठरवणाऱ्याचा पहिला प्रश्न असा असतो: प्रतिजैविक नाही, तर काय? उत्तर म्हणून होमिओपॅथीचे नाव हमखास येते. ते येण्यामागे शेजाऱ्याचा अनुभव असतो, तसा सरकारी नियमही असतो.

नियमाचे दोन भाग

भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. तो अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणामार्फत राबवला जातो. सुरुवातीला त्याचा भर पिकांवर होता. पशुधनाची मानके २०१५ मध्ये लागू झाली. त्यांच्या मुळाशी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. कोडेक्सने पशुधनाबद्दल सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी: वनस्पतिजन्य, होमिओपॅथिक किंवा आयुर्वेदिक उपचार आणि सूक्ष्म खनिजे यांना रासायनिक औषधांच्या आणि प्रतिजैविकांच्या आधी पसंती द्यावी, मात्र त्या प्राण्यावर आणि त्या आजारावर त्यांचा गुण येत असला पाहिजे.

सेंद्रिय शेतीवरच्या भाषणांत या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकू येतो, दुसरा गळतो. खरे तर सगळे वजन दुसऱ्या भागात आहे. युरोपीय संघाचा २०१८/८४८ हा नियमही हीच अट घालतो. अमेरिकेची वाट वेगळी आहे. तिथे प्रतिजैविक दिलेल्या गायीचे दूध पुन्हा कधीच सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र वाचवण्यासाठी उपचार लांबवण्याचा मोह होऊ शकतो, म्हणून तिथल्या नियमात आणखी एक कलम आहे: सेंद्रिय दर्जा टिकवण्यासाठी आजारी जनावराचा उपचार रोखून धरता येणार नाही.

भारताचा नियम या बाबतीत युरोपाच्या जवळ जातो. गरज पडली तर पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली प्रतिजैविक देता येते. फक्त दूध बाजूला ठेवण्याचा काळ दुप्पट होतो, आणि तो निदान ४८ तासांचा असावा लागतो. हिशोब करून पाहू. एखाद्या ट्यूबसाठी चार दिवस दूध वगळायचे असेल, तर सेंद्रिय गोठ्याला आठ दिवस वगळावे लागते. १५ लिटरच्या गायीमागे ६० लिटरऐवजी १२० लिटर दूध जाते. गोड गोळ्यांचे आकर्षण कशात आहे ते इथे कळते. त्यांना वगळण्याचा काळच नाही, आणि किंमतही किरकोळ.

कुपीत काय असते

जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी १८१० मध्ये ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ लिहून होमिओपॅथी मांडली. निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणे निर्माण करतो, तो अत्यल्प मात्रेत त्याच लक्षणांचा रोग बरा करतो, हे तिचे पहिले सूत्र. पदार्थ जितका विरळ करावा आणि प्रत्येक टप्प्यावर झटके देऊन हलवावा, तितकी त्याची शक्ती वाढते, हे दुसरे. जनावरांसाठी ती पद्धतशीर वापरणाऱ्यांत लाइपझिगचे पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांचे नाव पहिले. १८३० च्या दशकात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. काळपुळीच्या जनावराचे रक्त, ग्लँडर्स झालेल्या घोड्याच्या नाकातला स्राव असे रोगाचेच द्रव्य विरळ करून औषध म्हणून द्यायला त्यांनी सुरुवात केली. अशा औषधांना पुढे नोसोड म्हणू लागले.

गोठ्यातली यादी ठरलेली असते. मुका मार लागला की अर्निका, कास लाल आणि गरम झाली की बेलाडोना, हात लावू देत नसेल तर ब्रायोनिया, गाठी राहिल्या तर फायटोलाक्का किंवा कोनियम, वार अडकली तर पल्सेटिला, अंगावर चामखिळी आल्या तर थुजा. गोळ्या भाकरीच्या तुकड्यात किंवा गुळाबरोबर देतात, थेंब पिण्याच्या पाण्यात घालतात.

मात्रेचे गणित मात्र अवघड आहे. ‘सी’ म्हणजे दर टप्प्याला शंभरात एक भाग. १२ सी पर्यंत गेल्यावर मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याचीही खात्री राहत नाही, आणि दुकानात सर्रास मिळणारी औषधे ३० सी किंवा २०० सी ची असतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या कुपीत साखर, अल्कोहोल आणि पाणी एवढेच उरते. होमिओपॅथीला मानणारे म्हणतात, रेणू नसला तरी गुण आहे. म्हणून वाद सिद्धांतावर न घालता गायींवर तपासून पाहणे हाच सरळ मार्ग.

चाचण्यांनी काय दाखवले

नॉर्वेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये कासदाह झालेल्या ५७ गायींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला होमिओपॅथी, दुसऱ्याला दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रावण, तिसऱ्याला प्रतिजैविक. तिन्ही गटांतल्या गायींची लक्षणे कमी झाली. होमिओपॅथी आणि बिनऔषधाचे द्रावण यांच्यात मात्र ठोस फरक आढळला नाही.

उलट बाजूची चाचणीही आहे. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये ५२ गाभण डुकरिणींवर प्रयोग झाला. जंतूपासून बनवलेला नोसोड ज्यांना दिला, त्यांच्या पिलांना हगवण बरीच कमी लागली. होमिओपॅथीच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा हाच अभ्यास.

२०१४ मध्ये प्राण्यांवरच्या १८ यादृच्छिक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांतल्या दोनच भरवशाच्या ठरल्या: एक ही डुकरांची, दुसरी नॉर्वेची. एकीचा कौल होमिओपॅथीच्या बाजूने, दुसरीचा विरुद्ध. २०१६ मध्ये जर्मनीच्या कासेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८१ ते २०१४ या काळातल्या पशुधनावरच्या चाचण्या चाळल्या. निम्म्याहून थोड्या अधिक चाचण्यांत होमिओपॅथी उजवी दिसली. पण त्यांतली एकही चाचणी त्याच परिस्थितीत पुन्हा करून तोच निकाल मिळाल्याचे आढळले नाही. एकदा दिसलेला गुण पुन्हा दिसत नसेल, तर त्यावर गाय सोपवता येत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सने २०१७ मध्ये हीच भूमिका घेतली: होमिओपॅथी मान्य उपचाराच्या जागी वापरू नये.

मग शेजाऱ्याची गाय बरी कशी झाली?

शेजारी खोटे बोलत नसतो. त्याच्या गायीची कास खरोखर उतरलेली असते. गोम आहे ती रोगाच्या स्वभावात.

कासदाह हा एक रोग नसून अनेक जंतूंनी होणाऱ्या रोगांचे एकच नाव आहे. शेणातून येणारा ई. कोलाय सौम्य रूपात असेल, तर गायीच्या पांढऱ्या पेशी पुष्कळदा काही दिवसांत त्याचा फडशा पाडतात. धारेत गाठी दिसेपर्यंत शरीराने अर्धी लढाई मारलेलीही असते. म्हणून युरोप-अमेरिकेतले पशुवैद्यकही आता सौम्य कासदाहात दुधाचा नमुना जंतुपरीक्षणाला पाठवतात आणि ई. कोलाय निघाला किंवा काहीच उगवले नाही, तर प्रतिजैविक टाळतात. अशा गायीला त्या दोन दिवसांत काहीही दिले, तरी श्रेय त्या वस्तूलाच मिळणार. स्टॅफिलोकोकस ऑरियस वेगळा. तो कासेच्या पेशींत दडून बसतो. सूज उतरते, दूध स्वच्छ दिसते, गोळ्यांची तारीफ होते. महिन्याभराने तोच सड पुन्हा दगडी होतो आणि तोवर धार काढणाऱ्याच्या हातांवरून जंतू शेजारच्या गायीपर्यंत पोचलेला असतो.

चामखिळींचेही तसेच. कालवडीच्या मानेवरच्या चामखिळी विषाणूमुळे येतात आणि प्रतिकारशक्ती तयार झाली की काही महिन्यांत बहुधा आपोआप गळून पडतात. थुजा देणारा थुजाला धन्यवाद देतो, मंतरलेला दोरा बांधणारा दोऱ्याला.

‘जनावराला काय कळतंय, ते मनाने थोडंच बरं होणार?’ हा युक्तिवादही गावोगाव ऐकू येतो. गायीला गोळी कळत नाही हे खरे, पण कास दाबून पाहणाऱ्या मालकाला कळते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संधिवाताच्या कुत्र्यांना बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या होत्या. मोजमापात लंगडणे कमी झालेले नसतानाही निम्म्याहून अधिक वेळा मालकांनी ते कमी झाल्याचे सांगितले. औषध दिले की आपण जनावराकडे जास्त लक्ष देतो, गोठा जास्त झाडतो, धार जास्त जपून काढतो. या सगळ्याचा गायीला फायदा होतोच.

वाढे, कॅल्शियम आणि मायक्रोग्रॅम

गाळप हंगामात शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर वाढ्यांच्या पेंढ्या दिसतात. ऊसतोड मजूर त्या विकतात, दूधवाले घेतात. हिरवा चारा स्वस्तात मिळतो. पण वाढ्यांत ऑक्झॅलेट जास्त असते. ते आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर जाते. महिनोन्‌महिने वाढ्यांवरच राहिलेली गाय हळूहळू खंगते, माजाचे वेळापत्रक बिघडते. अशा वेळी ‘कॅल्केरिया फॉस’ च्या गोळ्या सुचवल्या जातात. नावात कॅल्शियम असल्याने त्या पटतातही.

आता हिशोब पाहा. गाय व्याली की पहिल्या दहा लिटर चिकातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जाते. तिच्या रक्तद्रव्यात एका वेळी असते जेमतेम ३ ग्रॅम. ही तूट हाडांतून आणि चाऱ्यातून वेळेवर भरून निघाली नाही, तर दुग्धज्वर होतो. गाय बसते, कान थंड पडतात, मान कुशीकडे वळवून ती पडून राहते आणि उपचार झाला नाही तर काही तासांत मरू शकते. कॅल्केरिया फॉसच्या ६ एक्स (दर टप्प्याला दहात एक भाग) मात्रेत दहा लाखांत एक भाग मूळ पदार्थ असतो. एक ग्रॅम गोळ्यांत तो झाला एक मायक्रोग्रॅम. तो सगळा कॅल्शियमच धरला, तरी चिकातून गेलेले २३ ग्रॅम भरून काढायला अशा गोळ्यांचे २३ टन लागतील. पशुवैद्यकाने शिरेतून सावकाश सोडलेल्या कॅल्शियम बोरोग्लुकोनेटने मात्र तीच गाय पुष्कळदा तासाभरात उठून उभी राहते. खनिजांची भर घालायला सेंद्रिय नियमांची आडकाठी नाही. म्हणजे इथे प्रमाणपत्र वाचवायला गोळीची गरजच नव्हती.

रोजचा उपाय आणखी साधा आहे. वाढे कुट्टी करून, त्यावर चुन्याची निवळी शिंपडून, लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात मिसळून द्यावेत, आणि खनिज मिश्रण चुकवू नये.

जिथे प्रयोग करायचा नाही

लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, ब्रुसेलोसिस आणि शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर. या रोगांत नोसोडच्या भरवशावर राहणे म्हणजे पूर्ण गोठा पणाला लावणे. २०२२ मध्ये लम्पी महाराष्ट्रात पसरला, तेव्हा आवर घालण्याची मदार शेळ्यांच्या देवीच्या लशीवर होती. जनावरांच्या लशी बनवणारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था पुण्यातच, औंधला आहे. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी २०१९ पासून केंद्राचा लसीकरण कार्यक्रम चालू आहे. परिसरात असलेल्या रोगांविरुद्ध लस द्यायला सेंद्रिय मानकांची परवानगी आहे. ‘सेंद्रिय म्हणून लस नको’ हे वाक्य नियमात कुठेही नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. माणसांना होमिओपॅथी देणाऱ्याच्या पदवीने गोठ्यातला अधिकार मिळत नाही.

गोठ्यात बसवायची पद्धत

सेंद्रिय मानकांचा क्रम नीट वाचला, तर औषध शेवटी येते. आधी हवामानाला मानवणारी जात, मग चारा, मग मोकळी जागा, मग स्वच्छता. दौंड-शिरूरच्या भीमा-घोड पट्ट्यात याचा अर्थ असा: मुक्तसंचार गोठा आणि सावली, धारेनंतर सड औषधी द्रावणात बुडवणे, कासेचे तोंड मिटेपर्यंत गायीला चारा टाकून अर्धा तास उभे ठेवणे, आजारी गायीची धार सर्वांत शेवटी काढणे, आणि पुढच्या पिढीसाठी वळू निवडताना लिटरइतकाच काटकपणा पाहणे. एवढ्याने जी दगडी होतच नाही, तिला बेलाडोना लागत नाही आणि ट्यूबही लागत नाही.

मोजायची सवय दुसरी. सीएमटी चाचणीचे चार कप्प्यांचे ताट आणि द्रावण स्वस्त असते. चारही सडांचे दूध थोडे थोडे घेऊन तेवढेच द्रावण घालायचे आणि फिरवायचे. जिथे दूध लिबलिबीत होते, तिथे पेशी वाढलेल्या आहेत, म्हणजे सुप्त कासदाह आहे. डोळ्यांना काहीच न दिसणारा आजार मिनिटभरात कळतो. उपचार कोणताही असो, तो लागू पडला की नाही हे कास चाचपून ठरवू नये. दोन-तीन आठवड्यांनी याच चाचणीने ठरवावे.

कास बिघडलीच, तर आधी गाय पाहावी. ताप आहे, चारा सोडला आहे, दूध पाण्यासारखे किंवा रक्ताळलेले आहे, गाय बसते आहे, यांतले एक जरी लक्षण असेल, तर तिथे कुठल्याही गोळीला वेळ द्यायचा नाही; पशुवैद्यकाला बोलवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला फोन करावा. दुधात फक्त गाठी आहेत आणि गाय रवंथ करते आहे, तर औषध सुरू करण्याआधी नमुना घ्यावा. प्रयोगशाळा औंधला आहे, शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातही आहे. अहवाल येईपर्यंत धार वारंवार काढून कास रिकामी ठेवावी. या मधल्या काळात पशुवैद्यकाला सांगून होमिओपॅथी द्यायची तर द्यावी; त्याने नुकसान होत नाही, वेळ गेला तरच होते. याच जागी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफडीचा लेप सुचवते: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून दिवसातून अनेकदा कासेला लावायचा. या लेपात मोजता येईल इतकी मात्रा तरी आहे. तरी त्यालाही सीएमटीची कसोटी लावावीच.

गावातल्या पाच-दहा गोठ्यांना एकत्र येऊन आणखी पुढे जाता येईल. सौम्य कासदाहाच्या गायींसाठी पशुवैद्यकाने दोन सारख्या बाटल्या भराव्यात, एकीत औषधी गोळ्या, दुसरीत नुसत्या साखरेच्या. कोणती कुठली, हे त्यांनाच ठाऊक असावे. प्रत्येक गायीचा जंतू-अहवाल, सीएमटीचा निकाल आणि पुन्हा उलटलेला आजार एका वहीत लिहावा. दोन-तीन वर्षांत शंभरेक नोंदी जमल्या, की आपल्या हवेत, आपल्या चाऱ्यावर, आपल्या गायींना या गोळ्यांनी काही होते का, याचा अंदाज हाती येईल. परदेशातल्या चाचण्यांत जी उणीव राहिली, म्हणजे तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्याची, ती इथे भरून काढता येईल.

प्रमाणीकरणाचा निरीक्षक गोठ्यात येतो तेव्हा उपचारांची वही मागतोच. बहुतेक ठिकाणी ती त्याला दाखवण्यापुरती भरलेली असते. ‘गुण येत असेल तर’ या अटीचे उत्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही, ते त्याच वहीत लिहिले जाते. ज्याने ती वही प्रामाणिकपणे भरली, त्याने गोळी वापरली काय किंवा गरज ओळखून वेळेवर प्रतिजैविक दिले काय, त्याने नियम पूर्ण पाळला असेच म्हणावे लागेल.